साऊंड कार्डाचा सल्ला आला कुठून?

कोल्हापूरच्या राजारामपुरीत नवा पीसी असेंबल करायला निघालेल्याला घरातलं कुणीतरी अजून सांगतं, "साऊंड कार्ड वेगळं घाल, मदरबोर्डच्या आवाजात दम नसतो." साऊंड कार्ड म्हणजे मदरबोर्डवर वेगळं बसवायचं, आवाजाचं काम बघणारं कार्ड. एके काळी हा सल्ला शंभर टक्के खरा होता. आज तो कुणाला लागू पडतो हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

१९८१ च्या आयबीएम पीसीत आवाज म्हणजे नुसता बीप. १९८७ मध्ये कॅनडातल्या ॲडलिबने यामाहाची एफएम चिप (कृत्रिम सूर तयार करणारी) लावलेलं कार्ड आणलं आणि गेमना संगीत मिळालं. १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्हचं साऊंड ब्लास्टर आलं. त्यात तीच यामाहा चिप होती, शिवाय आवाज रेकॉर्ड करायची आणि वाजवायची सोय, वर जॉयस्टिकचा पोर्टही. ॲडलिब मागे पडलं ते यामुळे. पुढे डॉस या जुन्या प्रणालीवरचे बरेच गेम सुरू करण्याआधी पोर्ट २२०, आयआरक्यू, डीएमए असे कार्डाचा पत्ता सांगणारे आकडे भरावे लागत. आकडे जुळले नाहीत तर गेम मुका. त्या काळात प्रश्न कार्ड चांगलं की वाईट असा नव्हताच. कार्ड नाही तर आवाज नाही.

१९९७ मध्ये इंटेलने एसी'९७ हे मदरबोर्डवरच्या आवाजाचं मानक आणलं. डिजिटल काम मदरबोर्डच्या चिपसेटकडे, ॲनालॉग काम (आकड्यांचा प्रत्यक्ष आवाज करणं आणि उलट) एका छोट्या स्वस्त कोडेक चिपकडे आणि आवाज एकत्र मिसळण्याचा बराचसा भार मुख्य प्रोसेसरवर. आवाज मदरबोर्डबरोबरच मिळू लागला, पण अनेक बोर्डांवर माऊस हलवला तरी हेडफोनमध्ये चर्र ऐकू यायचं. ऑनबोर्ड म्हणजे मदरबोर्डवरच्या आवाजाची बदनामी झाली ती इथे, आणि ती रास्तच होती. २००४ च्या एचडी ऑडिओ या पुढच्या मानकाने १९२ किलोहर्ट्झ सॅम्पलिंग आणि आठ चॅनेलपर्यंत मजल मारली. कागदावर तरी फरक मिटला.

कार्डांना खरा दणका बसला तो विंडोज व्हिस्टाने. तोवर गेम विंडोजच्या डायरेक्टसाऊंड या सोयीतून थेट कार्डाच्या प्रोसेसरला काम देत, ईएएक्सचे (क्रिएटिव्हचं प्रतिध्वनीचं तंत्र) घुमारे तिथेच तयार होत. व्हिस्टाने तो रस्ता बंद केला आणि मिक्सिंग सॉफ्टवेअरमध्ये नेलं. ज्या प्रोसेसरसाठी लोक जास्त पैसे मोजत होते, त्याला बहुतेक गेममध्ये कामच उरलं नाही.

उरला तो ॲनालॉग भाग. गाणी, सिनेमा, गेम, ऑनलाइन मीटिंग एवढ्यासाठी आजचं ऑनबोर्ड पुरेसं आहे, हे मी ठामपणे सांगेन. पण कोल्हापूर हे गायक अल्लादिया खाँसाहेबांचं आणि देवल क्लब या संगीतसंस्थेचं गाव. इथे घरात रियाज रेकॉर्ड करणारे आहेत, आणि त्यांची गरज वेगळी. ख्यालात दोन आलापांच्या मधल्या जागेत फक्त तानपुरा असतो. तिथली खरखर लपत नाही. माइकचा सिग्नल अगदी क्षीण असतो, तो वाढवताना सोबतचा गोंगाटही वाढतो. ऑनबोर्डच्या गुलाबी जॅकला स्टुडिओचा कंडेन्सर माइक चालतही नाही, कारण त्याला लागणारे ४८ व्होल्ट तिथे मिळत नाहीत.

मग कार्ड घ्यावं का? कॅबिनेटमधलं नको, असं माझं मत. तिथे विजेचा गोंगाट करणारे ग्राफिक्स कार्ड आणि एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) शेजारीच बसलेले. यूएसबीने जोडायचा ऑडिओ इंटरफेस हा वेगळा डबा त्या गर्दीबाहेर असतो, त्यावर स्टुडिओच्या माइकची एक्सएलआर केबल जोडता येते, आणि एएसआयओ (आवाजाचा उशीर कमी करणारा) ड्रायव्हर असेल तर स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये जवळजवळ लगेच ऐकू येतो. गायकाला हे फार महत्त्वाचं. उशिरा आलेला स्वतःचाच सूर गाणं बिघडवतो.

मात्र खरेदीआधी अर्थिंग तपासा. पेठांमधल्या जुन्या घरांत ते नीट असेलच असं नाही. ॲम्प्लिफायर एका प्लगवर आणि कॉम्प्युटर दुसऱ्यावर असला की ५० हर्ट्झची घुर्र येऊ शकते. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. घुर्र थांबली, तर आधी दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा.