हाती न धरता येणारी माशी: फ्लाय फिशिंगच्या ओढीची पार्श्वभूमी

कोकणातल्या माणसाला गरी नवी नाही. गरीला कोळंबी किंवा गांडूळ लावावे, तंगुसाला शिशाचा तुकडा बांधावा आणि तो भिरकावून खाडीत सोडावा, एवढे गरवायला पुरते. इथे वजन टोकाशी असते आणि तंगूस त्याच्यामागून ओढला जातो. फ्लाय फिशिंगमध्ये नेमके याच्या उलट घडते. गळाभोवती पिसे, लोकर आणि रेशमाचा धागा गुंडाळून तयार केलेला कृत्रिम कीटक, म्हणजे ‘फ्लाय’, इतकी हलकी असते की ती फेकताच येत नाही. फेकायची असते ती दोरी. काहीशी जाड, स्वतःचे वजन असलेली आणि टोकाकडे निमुळती होत गेलेली ही दोरी काठीच्या मागेपुढे होणाऱ्या हालचालीने हवेत उलगडते आणि तिच्याबरोबर फ्लाय पाण्यापर्यंत जाते. दोरी मागे पूर्ण उलगडेपर्यंत थांबावे लागते आणि मगच काठी पुढे आणावी लागते. नवखा माणूस हटकून घाई करतो आणि सगळी दोरी त्याच्याच पायाशी येऊन पडते.

काठावर उभे राहून पाहणाऱ्याच्या नजरेत प्रथम भरते ती हवेतली ही दोरी, आणि पुष्कळ लोक तिच्यामुळेच या छंदाकडे वळतात. तरीही दोरी, तिची लय आणि तिच्यासाठी करावा लागणारा सराव हे सारे एका फार जुन्या अडचणीतून निघाले आहे, आणि या छंदाने माणसाला इतकी शतके धरून ठेवण्याचे कारण त्या अडचणीतच आहे, असे मला वाटते.

ती अडचण एलियन या रोमन लेखकाने इसवी सनाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या शतकांच्या संधिकाळात ग्रीक भाषेत नोंदवून ठेवली आहे. मॅसेडोनियात बेरिया आणि थेसालोनिकी या शहरांच्या दरम्यान वाहणाऱ्या अस्त्रायस नदीत ठिपकेदार कातडीचे मासे असतात आणि ते ‘हिप्पुरोस’ नावाचा, पाण्यावर घिरट्या घालणारा कीटक खातात, असे तो सांगतो. पाणी हलून भक्ष्य बिचकू नये म्हणून मासा त्याच्या सावलीखालून हलकेच वर येतो, कीटक गिळतो आणि पुन्हा खोल जातो. तिथल्या कोळ्यांना हे ठाऊक असते, पण ते खरा कीटक गळाला लावत नाहीत, कारण माणसाचा हात लागताच त्याचा रंग जातो, पंख कोमेजतात आणि मासा त्याला तोंड लावत नाही. म्हणून ते गळाभोवती लाल लोकर गुंडाळतात आणि कोंबड्याच्या गळ्याखालची, मेणासारख्या रंगाची दोन पिसे तिला जोडतात. काठी सहा फुटांची आणि दोरीही तेवढीच.

हे कोळी छंद म्हणून मासे धरत नव्हते, घरच्या चुलीसाठी धरत होते. जपानच्या डोंगराळ भागातही ओढ्यांतले मासे धरणाऱ्यांनी अशीच रीत घडवली. आज ‘तेनकारा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या पद्धतीत रीळ नसते आणि दोरी थेट काठीच्या शेंड्याला बांधलेली असते. दोन्हीकडची गरज एकच होती. मासा जे खातो ते हातात धरता येत नाही, तेव्हा त्याचा भास निर्माण करायचा. आणि भास निर्माण करायचा तर मासा काय पाहतो हे आधी पाहायला शिकायचे. गांडूळ लावणाऱ्याला नदीची एवढी चौकशी करावी लागत नाही. फ्लाय बांधणाऱ्याला मात्र पाण्याखालचे दगड उलटून पाहावे लागतात. मेफ्लाय हा कीटक आपले बहुतेक आयुष्य पाण्याखाली काढतो, पंख फुटल्यावर जेमतेम काही तास किंवा एखाद-दुसरा दिवस जगतो, आणि तेवढ्याच अवधीत शेकडो मासे पृष्ठभागावर येतात, हे त्याला माहीत असावे लागते.

पोटाचा प्रश्न नसताना माणूस हा खटाटोप का करतो, याचे एक लेखी उत्तर 1496 साली मिळते. त्या वर्षी विंकिन द वर्ड या मुद्रकाने लंडनजवळच्या वेस्टमिन्स्टर येथे शिकारीविषयीचा एक ग्रंथ पुन्हा छापला आणि त्यात गळाने मासे धरण्यावरचे एक इंग्रजी प्रकरण नव्याने घातले. ते जुलियाना बर्नर्स या मठाधिपती स्त्रीने लिहिले अशी परंपरा आहे, पण तिला भक्कम आधार नाही. जनावरांची शिकार, बहिरी ससाण्याने केलेली शिकार, पक्षी धरणे आणि मासे धरणे या चार खेळांची तुलना करून लेखक मासे धरणे सर्वांत हितकर ठरवतो, आणि त्यासाठी दिलेले कारण आजही ताजे वाटते. मासा मिळाला नाही तरी माणसाला चांगला फेरफटका घडतो, कुरणातल्या फुलांचा सुगंध मिळतो आणि पाखरांची गाणी ऐकू येतात. मन प्रसन्न राहते आणि आयुष्य वाढते. याच प्रकरणात बारा फ्लायची यादी महिन्यांनुसार दिली आहे, काठी कशी करावी, दोरीसाठी घोड्याच्या शेपटीचे केस कसे रंगवावेत आणि सुईपासून गळ कसा घडवावा हेही सांगितले आहे, आणि हावरेपणाने गरजेपेक्षा जास्त मासे धरू नयेत असेही बजावले आहे. या छंदाविषयी लिहिल्या गेलेल्या पहिल्यावहिल्या मजकुरांपैकी एकात आरोग्य, हातकाम आणि संयम या तिन्ही गोष्टी आधीच आलेल्या आहेत, याचे मला फार महत्त्व वाटते.

पुढे 1676 मध्ये चार्ल्स कॉटन याने डर्बीशरमधल्या डव्ह नदीवरच्या अनुभवावरून निर्मळ पाण्यातल्या ट्राउट या माशासाठी सविस्तर सूचना लिहिल्या. बारीक दोरीने आणि दुरून मासे धरावेत, हा त्याचा मुख्य नियम. त्या काळी काठी पाच-सहा यार्ड लांब असे आणि दोरी घोड्याच्या केसांची, टोकाकडे केसांची संख्या कमी करत वळलेली. काठीच इतकी लांब असल्यामुळे फेक आजच्यासारखी नव्हती. स्पेनमध्येही लिओन प्रांतात 1624 चे फ्लाय बांधण्याविषयीचे एक हस्तलिखित तयार झाले होते आणि तिथे केवळ पिसांसाठी कोंबडे पाळण्याची परंपरा आहे.

हवेत उलगडणारी लांब दोरी ही खरे तर एकोणिसाव्या शतकाची देणगी आहे. तेल पाजलेली रेशमी दोरी आली, रीळ सुधारले, आणि बांबू चिरून त्याच्या त्रिकोणी पट्ट्या एकमेकींना चिकटवून केलेली लवचीक काठी आली. अमेरिकेत सॅम्युअल फिलिप याने पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन येथे 1840 च्या दशकात अशा काठ्या केल्या आणि नंतर हायरम लेनर्ड याने मेन राज्यात सहा पट्ट्यांची काठी मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतली. या सुरुवातीच्या काठ्यांचा बांबू ‘कलकत्ता केन’ म्हणून ओळखला जाई, कारण तो हिंदुस्थानातून जात असे. चीनमधल्या टोंकिन बांबूने त्याची जागा घेतली ती विसाव्या शतकात.

फ्लायचा आपल्याशी असलेला संबंध याहूनही जवळचा आहे. सह्याद्रीच्या जंगलात पहाटे ओरडणारा राखी रानकोंबडा आपल्यापैकी अनेकांनी ऐकला आहे. त्याच्या मानेवरच्या पिसांना लाखेचा थेंब सुकल्यासारखे चकचकीत पिवळट ठिपके असतात, आणि एकोणिसाव्या शतकात सॅमन या माशासाठी बांधल्या जाणाऱ्या ब्रिटिश फ्लायना या पिसांवाचून पूर्णत्व येत नसे. सॅमनच्या या भडक फ्लाय कोणत्याही खऱ्या कीटकाची नक्कल नव्हत्या. साम्राज्याच्या व्यापारातून येणाऱ्या पोपट, कोटिंगा आणि रानकोंबड्यांच्या पिसांनी त्या एखाद्या दागिन्यासारख्या घडवल्या जात. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर रानकोंबड्याला संरक्षण मिळाले आणि आता परदेशात पिंजऱ्यात वाढवलेल्या पक्ष्यांची पिसे वापरली जातात. फ्लाय बांधण्याच्या कलेनेच झपाटलेली, नदीवर क्वचित जाणारी माणसेही या छंदात आहेत, आणि ही ओढ किती टोकाला जाऊ शकते हे 2009 मध्ये दिसले. इंग्लंडमधल्या ट्रिंग येथील निसर्गविज्ञान संग्रहालयातून तेव्हा दुर्मीळ पक्ष्यांच्या 299 कातड्या चोरीला गेल्या. चोरणारा फ्लाय बांधण्यात निष्णात असलेला एक तरुण संगीतकार होता, आणि चोरलेल्या नमुन्यांत आल्फ्रेड रसेल वॉलेस या निसर्गशास्त्रज्ञाने गोळा केलेले पक्षीही होते. विज्ञानाचे ते नुकसान पुरते भरून आलेले नाही.

एकोणिसाव्या शतकातच या छंदाला प्रतिष्ठेचे कुंपणही पडले. दक्षिण इंग्लंडमधल्या टेस्ट आणि इचेन या नद्या खडूच्या खडकातून झिरपलेल्या पाण्याच्या आहेत, त्यामुळे त्या वर्षभर काचेसारख्या नितळ असतात. त्यांचे काठ खाजगी मालकीचे होते आणि स्टॉकब्रिजचा हॉटन क्लब 1822 पासून तिथे होता. लंडनहून रेल्वे सुरू झाल्यावर पैसेवाला शहरी माणूस सहज तिथे पोहोचू लागला. फ्रेडरिक हॅलफर्ड याने 1886 आणि 1889 मध्ये लिहिलेल्या ग्रंथांतून तरंगत्या फ्लायची, म्हणजे ड्राय फ्लायची, शिस्त घालून दिली, आणि पृष्ठभागावर खाताना दिसलेल्या माशालाच फ्लाय दाखवावी हा त्याच्या अनुयायांचा जवळजवळ धर्म झाला. पेशाने वकील असलेल्या जी. ई. एम. स्क्यूज याने 1910 मध्ये साधा प्रश्न उभा केला: ट्राउट आपले बरेचसे अन्न पाण्याखाली, कीटकांच्या पंख न फुटलेल्या अवस्थेत खातो, तर तिथे फ्लाय का नेऊ नये? हा वाद इतका चिघळला की 1938 मध्ये लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबमध्ये त्यावर रीतसर चर्चा ठेवावी लागली. या वादात माझा कौल स्क्यूजला आहे, कारण मासा प्रत्यक्षात काय खातो या अस्त्रायसच्या काठच्या मूळ प्रश्नाकडे त्यानेच पुन्हा लक्ष वेधले.

इंग्रज जिथे गेले तिथे ट्राउट नेण्याचा त्यांनी आग्रह धरला. ब्राउन ट्राउटची अंडी 1864 मध्ये जहाजातून टास्मानियात पोहोचली, आणि काश्मीरमध्ये 1899 चा पहिला प्रयत्न फसल्यावर 1900 मध्ये यशस्वी झाला. पहलगामच्या लिद्दर नदीत आज परवाना घेऊन फ्लाय फिशिंग करणारा पर्यटक त्याच ट्राउटच्या वंशजांपुढे उभा असतो. हा इतिहास निष्पाप नाही. न्यूझीलंडसारख्या ठिकाणी बाहेरून आणलेल्या ट्राउटने स्थानिक माशांना मोठी हानी पोहोचवली आहे.

अमेरिकेत हा छंद कुंपणाबाहेर आला. न्यूयॉर्कजवळच्या कॅट्सकिल डोंगरातल्या नेव्हरसिंक नदीकाठी एकाकी राहणाऱ्या थिओडोर गॉर्डनला हॅलफर्डने 1890 मध्ये नमुन्याच्या फ्लाय पाठवल्या, आणि अमेरिकेतले कीटक वेगळे आहेत हे ओळखून गॉर्डनने आपल्या खळाळत्या पाण्यासाठी निराळ्या फ्लाय बांधल्या. मेन राज्यातली कॉर्नेलिया क्रॉस्बी बँकेत नोकरी करत होती. प्रकृती नाजूक असल्यामुळे डॉक्टरांनी तिला मोकळ्या हवेत राहायला सांगितले, आणि मित्राने दिलेल्या बांबूच्या काठीने तिचे आयुष्य बदलले. 1897 मध्ये राज्याने वाटाड्यांना परवाने द्यायला सुरुवात केली तेव्हा पहिला परवाना तिला मिळाला. ली वुल्फ याने 1939 मध्ये असे मांडले की उमदा मासा एकदाच धरून संपवण्याइतका स्वस्त नाही, आणि मासा धरून पुन्हा पाण्यात सोडण्याची रीत हळूहळू रुजली. दुसऱ्या महायुद्धानंतर फायबरग्लासच्या काठ्या आणि प्लॅस्टिकचे वेष्टण असलेल्या दोऱ्या आल्या आणि 1970 च्या दशकात ग्रॅफाइट आले. बांबूच्या काठीची निगा राखण्याचा खर्च आणि कष्ट टळल्यामुळे सामान्य पगारदारालाही हा छंद परवडू लागला.

मग 1992 मध्ये रॉबर्ट रेडफर्डने नॉर्मन मॅक्लीनच्या 1976 मधल्या कथेवर चित्रपट केला, आणि त्याच्या छायाचित्रणाला ऑस्कर मिळाले. मोंटानातल्या नदीत सूर्यप्रकाशात चमकणारी दोरी पाहून असंख्य लोक काठी विकत घ्यायला निघाले, आणि जुन्या नद्यांवर नवख्यांची गर्दी झाल्याची तक्रारही ऐकू आली. त्या कथेतला धर्मोपदेशक बाप मुलांना फेक शिकवतो ती मेट्रोनोम या ताल मोजणाऱ्या यंत्राच्या चार ठोक्यांवर. चित्रपटाने लोकांना दारापर्यंत आणले हे खरे, पण जे टिकले ते पाण्यातले कीटक ओळखायला शिकल्यामुळे टिकले, असे माझे मत आहे, कारण दोरीची लय साधल्यावरही मासा फ्लाय नाकारतो आणि तेव्हाच खरी शिकवणी सुरू होते.

आरोग्याचा जो धागा 1496 मध्ये दिसतो तो अलीकडे पुन्हा ठळक झाला आहे. स्तनाच्या कर्करोगातून जाणाऱ्या स्त्रियांसाठी 1996 मध्ये अमेरिकेतल्या व्हर्माँट राज्यात ‘कास्टिंग फॉर रिकव्हरी’ ही संस्था सुरू झाली. शस्त्रक्रियेनंतर खांदा आणि दंड मोकळे होण्यासाठी जे हलके व्यायाम सांगितले जातात, त्यांच्याशी फेकीची हालचाल बरीचशी जुळते, हे तिच्या कामाचे सूत्र आहे. युद्धात जखमी झालेल्या सैनिकांसाठी 2005 मध्ये वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात ‘प्रोजेक्ट हीलिंग वॉटर्स’ सुरू झाले. थरथरणाऱ्या हातांनी बारीक गळावर धागा गुंडाळणे हाही त्या उपक्रमातल्या शिक्षणाचा भाग आहे.

पहिले धडे सहसा नदीवर होत नाहीत, गवताच्या मैदानावर होतात. कोणाला इजा होऊ नये म्हणून दोरीच्या टोकाला गळ नसतो; त्याऐवजी दुरूनही दिसावा असा रंगीत लोकरीचा एक तुकडा बांधलेला असतो.