ब्लिट्झ (अमेरिकन फुटबॉल)

ब्लिट्झ : अमेरिकन फुटबॉलमधील बचावाचा एक डाव. क्वार्टरबॅकने (आक्रमण चालवणारा, पास फेकणारा खेळाडू) पास फेकण्याआधीच त्याला गाठायचे, हा या डावाचा हेतू. त्यासाठी नेहमी पुढे घुसणाऱ्या तीन-चार जणांच्या जोडीला लाइनबॅकर (पुढच्या फळीच्या लगेच मागचा), सेफ्टी (सर्वांत मागचा) किंवा कॉर्नरबॅक (कडेला पास झेलणाऱ्यांवर नजर ठेवणारा) या बचावपटूंपैकी एक-दोघांना, क्वचित त्याहून अधिकांना सोडले जाते. ढोबळमानाने पाच किंवा जास्त खेळाडू चालून आले, की तो ब्लिट्झ मानतात. साठच्या दशकात सेंट लुइस कार्डिनल्सच्या लॅरी विल्सनने सेफ्टीच्या जागेवरून अशी धाव घेऊन नाव कमावले. तोवर इतक्या मागचा खेळाडू पुढे येईल, अशी सहसा कोणाची अपेक्षा नसे.

ब्लिट्झ केव्हा करावा, हा मुळात हिशेबाचा प्रश्न आहे. दोन्ही बाजूंना ११-११ खेळाडू. क्वार्टरबॅकला राखायला पाच जणांची फळी असते आणि पास झेलू शकणारे आणखी पाच जण. बचावाने चौघे पाठवले, तर मागे सात उरतात. पाच जणांवर पाच आणि दोन जास्तीचे. सहा पाठवले, तर पाचांवर पाचच. कोणी एक चकला, तर सावरून घ्यायला मागे माणूस नाही. याला ‘झिरो ब्लिट्झ’ म्हणतात. सीमारेषा मोकळी टाकून सगळे क्षेत्ररक्षक फलंदाजाभोवती उभे करावेत, तसला हा प्रकार. शिवाय हल्ल्याला वेळही फार मिळत नाही. क्वार्टरबॅक साधारणपणे अडीच ते तीन सेकंदांत पास सोडतो.

आक्रमणाला १० यार्ड पुढे सरकण्यासाठी चार संधी मिळतात, त्यांना डाउन म्हणतात. चौथ्या डाउनला बहुतेकदा चेंडू लाथेने लांब धाडला जातो. त्यामुळे तिसरा डाउन कळीचा ठरतो. तिसऱ्या डाउनला आठ-दहा यार्ड बाकी असले, तर पासच येणार हे सगळे जाणतात. लांबच्या पासला वेळही जास्त लागतो. ब्लिट्झची ही ठरलेली जागा, आणि ठरलेली असल्यामुळेच फसवी. आक्रमक फळी मुद्दाम वाट देते, हल्लेखोर आत घुसतात आणि त्यांच्या डोक्यावरून चेंडू बाजूला थांबलेल्या रनिंग बॅकच्या (चेंडू घेऊन धावणारा खेळाडू) हाती जातो. या स्क्रीन पासवर पुढचे निम्मे मैदान मोकळे सापडू शकते. आक्रमण फील्ड गोलच्या (चेंडू लाथेने खांबांमधून मारून तीन गुण) टप्प्यात जेमतेम पोचले असेल, तेव्हा मात्र जोखीम घेण्यात अर्थ असतो. एका सॅकने (पास फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणे) सात-आठ यार्ड मागे रेटले, की तीन गुणांची संधी हुकू शकते.

समोर कोण आहे, हे डाउनपेक्षाही महत्त्वाचे. नवखा क्वार्टरबॅक गोंधळतो. झटपट पास सोडणारा मात्र ब्लिट्झची वाटच पाहत असतो, कारण हल्लेखोर जिथून निघाला, तीच जागा रिकामी पडते. शिकागो बेअर्सच्या १९८५ च्या संघाने बचाव प्रशिक्षक बडी रायन यांच्या, क्वार्टरबॅकवर सतत चालून जाणाऱ्या ‘४६ डिफेन्स’च्या जोरावर समोरच्या संघांना धडकी भरवली. २६ जानेवारी १९८६ च्या सुपर बोलमध्ये (हंगामाचा अंतिम सामना) त्यांनी न्यू इंग्लंड पेट्रियट्सना ४६–१० असे चिरडले. त्या हंगामातली त्यांची एकमेव हार मात्र २ डिसेंबर १९८५ रोजी मायामी डॉल्फिन्सकडून झाली, ३८–२४ अशी. मायामीचा क्वार्टरबॅक डॅन मरिनो याच्या हातून चेंडू इतक्या लवकर सुटे, की धावून आलेले अर्ध्या वाटेतच राहत.

वेळ आणि गुणफलक न पाहता केलेल्या ब्लिट्झचे उदाहरण म्हणून ६ डिसेंबर २०२० चा सामना आजही काढला जातो. न्यूयॉर्क जेट्स लास वेगास रेडर्सविरुद्ध २८–२४ ने पुढे होते. शेवटची काही सेकंद उरली होती आणि रेडर्सना टचडाउनखेरीज (चेंडू गोलरेषेपार नेऊन सहा गुण) तरणोपाय नव्हता. अशा वेळी खोलवर माणसे ठेवून घड्याळ संपू द्यायचे, ही साधी रीत. जेट्सचे बचाव प्रशिक्षक ग्रेग विल्यम्स यांनी मात्र झिरो ब्लिट्झ पुकारला. रेडर्सचा क्वार्टरबॅक डेरेक कार याने हेन्री रग्जला ४६ यार्डांचा टचडाउन पास दिला आणि जेट्स ३१–२८ ने हरले. दुसऱ्याच दिवशी विल्यम्स यांना काढून टाकण्यात आले.

खरी करामत लपवाछपवीत आहे. बचाव प्रशिक्षक डिक लेबो यांनी ऐंशीच्या दशकात सिनसिनाटी बेंगल्सकडे असताना ‘झोन ब्लिट्झ’ रुजवला. यात लाइनबॅकर वा सेफ्टी पुढे धावतो, पण बचावाच्या पुढच्या फळीतला एखादा धिप्पाड गडी त्याच क्षणी मागे सरून पासच्या वाटेत उभा राहतो. पुढे लेबो पिट्सबर्ग स्टीलर्सकडे असताना, १ फेब्रुवारी २००९ च्या सुपर बोलमध्ये, पूर्वार्ध संपत आला तेव्हा ॲरिझोना कार्डिनल्स गोलरेषेच्या तोंडाशी होते. स्टीलर्सचा लाइनबॅकर जेम्स हॅरिसनने पुढे झेपावण्याचा आव आणला आणि तो मागे सरला. कार्डिनल्सचा क्वार्टरबॅक कर्ट वॉर्नर याचा पास थेट त्याच्या हातात पडला; १०० यार्ड धावत जाऊन त्याने टचडाउन केला. स्टीलर्स २७–२३ ने जिंकले.

अलीकडे अनेक संघ सहा-सात जणांना पुढे, चेंडूच्या रेषेवर उभे करतात आणि ऐनवेळी चौघांनाच पाठवतात. मात्र ते चौघे कोण, हे क्वार्टरबॅकला आधी कळत नाही. आकडेवारीत असा डाव ब्लिट्झ म्हणून धरला जात नाही.