‘त्याचीच एक कॉपी मारून द्या’ म्हणण्याआधी : आमच्या बिलिंग सॉफ्टवेअरच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आठवड्यातून एकदा तरी हा फोन येतोच. “अहो, ती होलसेलची बिलाची स्क्रीन आहे ना, तिचीच एक कॉपी मारून द्या. फक्त स्कीमचा एक रकाना वाढवा. अर्ध्या तासाचं काम आहे.” आम्ही “दोन दिवस लागतील” असं सांगितलं की पलीकडे क्षणभर कोणी बोलत नाही, मग “बरं, बघतो” म्हणून फोन ठेवला जातो. दोन-तीन महिन्यांनी त्याच दुकानातून तक्रार येते की बिलं आणि विक्री रजिस्टर जुळत नाही. जाऊन फोल्डर उघडावं तर ‘बिल’च्या शेजारी ‘बिल_नवीन’, ‘बिल_नवीन_२’, ‘बिल_फायनल’ आणि ‘बिल_फायनल_हेच_वापरा’ अशी सगळी भावंडं बसलेली असतात. कोणाच्या तरी इंजिनिअरिंगला असलेल्या पुतण्याने सुट्टीत केलेलं असतं. पुतण्यावर आमचा राग नाही, आम्हीही तसेच शिकलो. पण त्यानंतरचं निस्तरायचं काम आमच्याकडे येतं आणि त्याचं बिल तुमच्याकडे, म्हणून हे चार शब्द.

आधी एक कबूल करतो. कॉपी करणं खरोखर अर्ध्या तासाचंच काम आहे. तुम्ही म्हणता त्यात खोटं काही नाही. खर्च त्या दिवशी होत नाही, नियम बदलतो त्या दिवशी होतो.

आणि नियम बदलतात. जीएसटी १ जुलै २०१७ ला आला तेव्हा “आता एकदाच काय ते करून टाका” असं बऱ्याच जणांनी आम्हाला सांगितलं होतं. ई-इन्व्हॉइसचं, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवायच्या बिलाचंच बघा. ऑक्टोबर २०२० मध्ये ते ५०० कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्यांना होतं. तेव्हा आमच्या ग्राहकांपैकी कोणी त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मर्यादा १०० वर आली, ५० वर आली, २० वर, १० वर, आणि ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर आली. तेव्हा मात्र मार्केट यार्डातून सकाळी नऊलाच फोन वाजायला लागले.

आता २२ सप्टेंबर २०२५ ची गोष्ट. ३ तारखेला रात्री जीएसटी कौन्सिलचा निर्णय जाहीर झाला आणि घटस्थापनेच्या दिवसापासून नवे दर लागू. १२ आणि २८ चे टप्पे जवळजवळ संपले. तूप, लोणी, फरसाण १२ वरून ५ वर, साबण, टूथपेस्ट, केसांचं तेल १८ वरून ५ वर, सिमेंट २८ वरून १८ वर. मध्ये १९ दिवस. ज्यांच्याकडे दर एकाच तक्त्यात आहेत, आणि प्रत्येक दरापुढे ‘या तारखेपासून’ असा रकाना आहे, त्यांचं काम म्हणजे यादी सीएकडून तपासून घेणं आणि तक्त्यात नव्या ओळी भरणं. २१ तारखेच्या रात्री त्यांच्या दुकानात आमचं कोणी बसलेलं नव्हतं.

दुसऱ्या एका ठिकाणी दर कोडमध्येच लिहिलेला होता, आणि बिलाच्या कॉपी पाच. आमचं अंदाजपत्रक जास्त वाटलं म्हणून तिथे कोणीतरी सोपा उपाय केला : फाइल उघडायची, ‘१२’ शोधायचं आणि सगळीकडे ‘५’ टाकायचं. दर बदलला. त्याबरोबर डझनही बदललं. कोडमध्ये डझनाचे नगही १२ च लिहिलेले होते. दुसऱ्या दिवशी घटस्थापनेच्या गर्दीत साबणाच्या एका डझनाची विक्री झाली की स्टॉकमधून पाचच वड्या कमी होत होत्या. हे कळायला पुढच्या स्टॉक मोजणीपर्यंत वेळ लागला. शिवाय पाचपैकी एका कॉपीत हा बदल करायचा राहूनच गेला, कारण ती फक्त फिरत्या विक्रीच्या लॅपटॉपवर होती आणि लॅपटॉप मालकाच्या मेव्हण्याकडे.

हसू नका. आम्हीही हसलो नाही, तीन दिवस तिथेच होतो.

यातला खरा दोष कॉपी करणाऱ्याचा नाही आणि १२ चाही नाही. एकच गोष्ट पाच ठिकाणी लिहिली की ती पाच गोष्टी होतात. प्रत्येकीचं आयुष्य वेगळं होतं. कोणी एकीत दुरुस्ती करतो, दुसरीत करत नाही, आणि काही महिन्यांनी कोणती खरी हे कोणालाच सांगता येत नाही. परत आलेल्या मालाचं घ्या. ५ सप्टेंबरला १२ टक्क्यांनी विकलेलं तूप गिऱ्हाइकाने ऑक्टोबरमध्ये परत आणलं तर क्रेडिट नोट, म्हणजे परत मालाची वजावट, १२ टक्क्यांचीच निघायला हवी, कारण ती मूळ बिलाला बांधलेली असते. तारखेप्रमाणे दर शोधणारी एकच जागा असेल तर हे आपोआप होतं. पाच कॉपींमध्ये हे पाचदा लक्षात ठेवावं लागतं.

रुपयांचा घोळ झाला की लगेच दिसतो. एक-दोन पैशांचा दिसत नाही. “जीएसटीआर-१ मध्ये दोन पैशांचा फरक येतोय, सॉफ्टवेअर चुकतंय,” असं आमचे ग्राहक विक्रीच्या या विवरणपत्राबद्दल सांगतात, तेव्हा दहापैकी नऊ वेळा दोन कॉपी दोन पद्धतीने राउंडिंग करत असतात, म्हणजे पैशाचा अपूर्णांक जवळच्या पैशावर नेत असतात. हिशोब कागदावर करून बघा. ३३.३३ रुपयांच्या तीन वस्तू, कर ५ टक्के, म्हणजे केंद्राचा अर्धा वाटा, सीजीएसटी, अडीच टक्के. प्रत्येक ओळीवर काढला तर ०.८३, तीन ओळींचे २.४९. एकूण ९९.९९ वर काढला तर २.५०. सीजीएसटीत एक पैसा, राज्याच्या वाट्यात, एसजीएसटीत, एक पैसा. दोन्ही पद्धती आपापल्या जागी बरोबर वाटतात. एक बिलाच्या स्क्रीनमध्ये, दुसरी रिपोर्टमध्ये, आणि रिपोर्ट कोणीतरी बिलावरून कॉपी करून मग ‘सुधारलेला’. म्हणून आम्ही कराचा हिशोब एकाच फंक्शनमध्ये (एक ठरलेलं काम करणाऱ्या कोडच्या तुकड्यात) ठेवतो आणि बिल, रजिस्टर, चलन, क्रेडिट नोट सगळ्यांनी तिथूनच विचारायचं असा नियम पाळतो. तो नियम मोडायला सांगितलात तर आम्ही थोडे हट्टी होतो, याची तक्रार आमच्यापर्यंत पोहोचलेली आहे.

“मग कॉपी नको तर त्याच स्क्रीनमध्ये एक अट घाला” असं काही जण लगेच म्हणतात. पार्टी होलसेलची असेल तर हे, उधारीची असेल तर ते, दिवाळीची स्कीम चालू असेल तर तिसरंच. एखाद-दुसरी अट ठीक आहे. पण हो-नाहीच्या दहा अटी एकाखाली एक लावल्या की त्या फंक्शनमधून जायचे १,०२४ वेगवेगळे रस्ते तयार होऊ शकतात. अकरावी अट आली की दुप्पट. तुमच्या काउंटरवर त्यातले पन्नास-साठ रोज चालतात, बाकीच्या रस्त्यांनी कोणी गेलेलंच नसतं, आणि नेमका मार्चच्या ३१ तारखेला कोणीतरी जातो. थॉमस मॅककेब या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९७६ मध्ये हे मोजायची एक रीत दिली : फंक्शनमधल्या निर्णयांच्या जागा मोजायच्या आणि त्यात एक मिळवायचा. आकडा १० च्या वर गेला की फंक्शन फोडायचा विचार करा, असं त्यांचं म्हणणं. आम्ही दर महिन्याला हा आकडा मशीनकडून काढून घेतो. पंधराच्या वर गेलेलं फंक्शन पुढचा बदल घेण्याआधी फोडतो. तुमच्या अंदाजपत्रकात ‘साफसफाई’ अशी जी ओळ असते, आणि जी खोडून आमच्याकडे परत पाठवायची पद्धत पडली आहे, ती याची.

त्या ओळीत नेमकं काय होतं? दिसायला काहीच नाही, आणि हीच आमची अडचण आहे. स्क्रीन तीच, बटणं तीच, प्रिंट तीच. आत मात्र चारशे ओळींच्या एका फंक्शनची सात-आठ छोटी फंक्शन होतात आणि प्रत्येकाच्या नावावरूनच ते काय करतं हे कळतं. पार्टीप्रमाणे सूट ठरवणं, कर काढणं, राउंडिंग करणं, हमाली-तोलाई लावणं. होलसेल आणि किरकोळमधला फरक अटींच्या जंगलातून निघून पार्टीच्या खात्यात एका रकान्यात जाऊन बसतो. हे करण्याआधी आम्ही तुमच्याकडची जुनी बिलं घेतो, हात लावण्यापूर्वी आणि नंतर ती पुन्हा चालवतो आणि पैसान् पैसा जुळतो का बघतो. दोन दिवसांतला एक दिवस बहुधा यातच जातो.

आता आमचीही एक चूक सांगतो, नाहीतर आम्ही फारच शहाणे वाटू. फळं-भाजीपाल्याच्या अडत्यांसाठी (शेतकऱ्यांचा माल कमिशनवर विकणाऱ्यांसाठी) केलेल्या सॉफ्टवेअरमध्ये शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे त्याला द्यायचा विक्रीचा हिशोब, आणि खरेदीदाराचं बिल आम्ही उत्साहाने एकच केलं होतं. वजन गुणिले भाव, त्यात हमाली, तोलाई. दोन्हीकडे अगदी सारखं दिसतं. मग जुलै २०१६ मध्ये महाराष्ट्रात अडत, म्हणजे हे कमिशन, शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरलं. एका रात्रीत पट्टी एकीकडे गेली आणि बिल दुसरीकडे, आणि आमच्या त्या एका फंक्शनमध्ये ‘पट्टी असेल तर’, ‘बिल असेल तर’ असं जंगल माजलं. शेवटी आम्ही दोन्ही वेगळी केली, आमच्याच खर्चाने. पट्टी आणि बिल सारखी दिसत होती, पण ती बदलण्याची कारणं वेगळी होती. तेव्हापासून आम्ही आधी विचारतो : या दोन गोष्टी एकाच नियमाने बदलतात का? तुमच्या अडतीचे ५ टक्के आणि जीएसटीचे ५ टक्के आकड्याने सारखे आहेत, पण ते एकत्र केले तर दिल्लीत दर बदलला की तुमची अडत बदलेल. अशी कॉपी आम्ही ठेवतो, आणि ती का ठेवली हे शेजारी लिहून ठेवतो.

जुन्या स्क्रीनबद्दलही दोन वाक्यं. “राहू द्या ना, कधी लागली तर” म्हणून बंद पडलेल्या स्क्रीन काढू दिल्या जात नाहीत. अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीने वर्षानुवर्षं न वापरलेला कोड असाच राहू दिला होता. १ ऑगस्ट २०१२ ला नवा बदल आठ सर्व्हरवर चढवायचा होता, सातांवर चढला. आठव्यावर तो जुना कोड जागा झाला आणि सुमारे ४५ मिनिटांत कंपनीचे ४० कोटी डॉलरच्या वर गेले. तुमच्याकडे आठ सर्व्हर नाहीत, मान्य. पण काउंटरचे चार कॉम्प्युटर आणि मेव्हण्याचा लॅपटॉप आहे. बंद केलेलं सगळं आमच्याकडे गिटमध्ये (कोडच्या जुन्या आवृत्त्या जपणाऱ्या प्रणालीत) तारीखवार जपलेलं असतं. हवं तेव्हा परत काढता येतं, म्हणून चालू फोल्डरमध्ये त्याची गरज नाही.

तर विनंती एवढीच, की काही बदल हवा असला की स्क्रीनचं नाव न सांगता व्यवहार सांगा. “त्यासारखीच कॉपी” याऐवजी “या पार्टीला दहा पेट्यांवर एक फुकट द्यायची आहे, बाकी सगळं तेच” असं म्हणालात तर पुष्कळदा नवी स्क्रीन लागतच नाही, आहे त्याच तक्त्यात एक ओळ पुरते आणि त्याचे आम्ही पैसेही लावत नाही. सोबत एक खरं बिल आणि तुम्ही हाताने केलेला हिशोब पाठवा, वहीचा फोटो चालेल. कोड तुमचाच आहे, घरातल्या मुलाला त्यात काही करायचं असेल तर जरूर करू दे. फक्त फाइलची कॉपी करायच्या आधी आम्हाला एक फोन करायला सांगा, आम्ही त्याला जागा दाखवू. हे फुकट आहे आणि खरं सांगायचं तर आमच्याच फायद्याचं आहे.

ज्यांच्याकडे ‘फायनल’ नावाच्या फायली आधीच साचल्या आहेत, त्यांनी लाजू नये. एक तास आमच्या माणसाला बसू द्या. कॉपी किती, दर किती ठिकाणी लिहिलेला, कोणतं फंक्शन मॅककेबच्या आकड्यात कुठे बसतं, हे तो कागदावर काढून देईल. त्या तासाचे पैसे नाहीत. कागद दुसऱ्या कोणाला दाखवून त्याच्याकडून काम करून घेतलंत तरी हरकत नाही. वार्षिक देखभालीच्या करारात असलेल्यांसाठी साफसफाईचे वर्षाला दोन दिवस धरलेलेच आहेत. ते मार्चपूर्वी मागून घ्या, बरेच जण मागतच नाहीत.

आणि तारखा. दर महिन्याच्या ९ ते ११ आणि १८ ते २० या दिवसांत, म्हणजे जीएसटीआर-१ आणि ३बी (कर भरण्याचं विवरणपत्र) च्या तोंडावर, आम्ही कोणाच्याही चालू कोडला हात लावत नाही. फोन उचलू, अडलेलं बिल काढून देऊ. “एवढं छोटं तर आहे” असा बदल मात्र ते दिवस संपल्यावरच करू.