सामूहिक पाळत

सामूहिक पाळत म्हणजे कुणा एकावर संशय आला म्हणून त्याच्या मागावर राहणं नव्हे, तर संशय असो-नसो सगळ्यांचीच नोंद आधी करून ठेवायची आणि लागेल तेव्हा त्यातून माणूस शोधून काढायचा. मोबाइल हे त्याचं रोजचं उदाहरण. फोन चालू असला की जवळच्या टॉवरला त्याचा पत्ता लागतो, आणि कुणी कुणाला कधी, किती वेळ, कुठून फोन केला हे कंपनीकडे साठत जातं, यालाच पोलीस सीडीआर, म्हणजे कॉल डिटेल रेकॉर्ड म्हणतात. बोलणं ऐकायची गरजसुद्धा पडत नाही, रात्री दोनला दवाखान्यात फोन, मग भावाला, मग वकिलाला, एवढ्यावरून घरात काय घडलंय याचा अंदाज कुणालाही येईल. जून २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेननं फोडलेल्या कागदांतून कळलं की अमेरिकेची एनएसए ही गुप्तचर संस्था व्हेरायझन या फोन कंपनीच्या ग्राहकांच्या अशाच नोंदी रोजच्या रोज घेत होती, ज्यांच्यावर कसलाही आरोप नाही त्यांच्यासुद्धा.

पण हे सगळं कॉम्प्युटरमुळे सुरू झालं असं समजणं चूक आहे. आपल्याकडे इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला, म्हणजे जमातच्या जमात जन्मानं गुन्हेगार ठरवून टाकली, पोलिसांकडे नाव नोंदवायचं, गाव सोडायचं तर पास घ्यायचा, हजेरी द्यायची. सोलापुरात पारधी, कैकाडी, भामटा अशा लोकांना तारेच्या कुंपणात ठेवलं होतं, त्या वस्तीला लोक अजून सेटलमेंटच म्हणतात. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला, म्हणून तो विमुक्त दिन, पण चोरी झाली की आधी पारध्याच्या पालावर जायची सवय काही गेली नाही. पाळतीचा इतिहास सांगताना ही माणसं बहुतेक वेळा गाळली जातात, ते मला फार खटकतं.

बोटांच्या ठशांचंही तेच. ठशांवरून माणूस ओळखायची पद्धत बंगालच्या सरकारी कामात घडली आणि १८९७ साली कलकत्त्यात ठशांचं कार्यालय निघालं, लंडनच्या पोलिसांनी, म्हणजे स्कॉटलंड यार्डनं ती नंतर १९०१ मध्ये उचलली. आधी गुन्हेगारांचे ठसे, मग सगळ्यांचे. २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं, दहा बोटं, दोन्ही डोळ्यांची बुबुळं आणि फोटो. रेशन, गॅस सबसिडी, पेन्शन एकेक करून त्याला जोडत गेले आणि ज्यांची बोटं शेतात राबून झिजलीत त्यांचे ठसे मशीनवर उमटेनात.

आधारविरुद्ध कर्नाटक हायकोर्टाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टात गेले. सरकारनं तिथं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्कच नाही! २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं तो हक्क आहे असा निकाल दिला. पुढच्या वर्षी आधार मात्र चार विरुद्ध एक असं टिकलं, पण खासगी कंपन्यांना ते मागता येईल ही तरतूद काढली गेली.

फोन टॅपिंगला मुभा २०२४ पर्यंत १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यातली होती, त्यावर १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टानं बंधनं घातली. ती कागदावरच राहतात असं वाटत असेल तर २०१९ चा मुंबई हायकोर्टाचा निकाल बघावा, लाचेच्या एका केसमध्ये सार्वजनिक सुरक्षेचा काही संबंध नसताना फोन टॅप केला म्हणून कोर्टानं ते आदेश रद्द केले आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला लावलं. असं फार क्वचित होतं, कारण आपला फोन टॅप होतोय हे माणसाला कुणी कळवत नाही, मग तो कोर्टात जाणार कशावरून?

२०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला, डेटा सांभाळला नाही तर कंपनीला २५० कोटींपर्यंत दंड. त्याच कायद्याच्या कलम १७ प्रमाणे केंद्र सरकार देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी नुसती अधिसूचना काढून आपल्या यंत्रणांना त्यातून सूट देऊ शकतं.