भोक पाडलं म्हणजे पोर्टेड झालं नाही

गणपती जवळ आले की कुडाळकडे भजनासाठी स्पीकर माळ्यावरून खाली येतात आणि कोणीतरी विचारतोच, सीलबंद खोक्याला भोक पाडलं तर बेस वाढेल का. यंदा माझ्या मावसभावाने विचारलंही नाही, होल सॉ (ड्रिलला लावायची गोल करवत) लावून मोकळा झाला. २० लिटरचं चांगलं सीलबंद खोकं, १८ मिमी प्लाय, त्यात साडेसात सेंमीचं भोक. रात्री फोन, "बेस वाढलो रे, पण पखवाज खंय गेलो?"

सीलबंद तुम्हाला माहितीये. कोंडलेली हवा कोनच्या (स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याच्या) मागे स्प्रिंगसारखी, खालच्या सुरांत आवाज दर सप्तकाला (ऑक्टेव्हला) १२ डेसिबलने (डीबी) सावकाश उतरतो, माप थोडं चुकलं तरी निभावतं. पुढे.

घोळ पोर्टचा आहे, म्हणजे खोक्याच्या भोकात बसवलेल्या पाइपाचा; असं खोकं ते पोर्टेड. लोकांना वाटतं ती मागची हवा बाहेर सोडायची खिडकी, म्हणजे जेवढी मोठी तेवढा बेस जास्त. अरे नाही! पाइपातली हवा हे एक वजन आहे आणि खोक्यातली हवा तिची स्प्रिंग, दोघं मिळून एका ठराविक सुरावर घुमतात. सरबताच्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारून बघा, लांब अरुंद मानेची बाटली खर्जात बोलते, तेवढ्याच पोटाची पण आखूड रुंद मानेची वरच्या सुरात. म्हणजे भोक मोठं केलं की सूर खाली नाही, वर जातो.

आता हिशोब. २० लिटरला ४५ हर्ट्झवर लावायचं तर ५ सेंमी व्यासाचा पाइप साधारण ११ सेंमी लांब लागतो. तोच पाइप साडेसात सेंमीचा घेतला आणि लांबी तीच ठेवली तर सूर ६३ च्या आसपास, परत ४५ वर आणायला लांबी २७ सेंमी, जी त्या खोक्यात वळवल्याशिवाय मावणार नाही. (फार बारीक पाइपही नको, फसफसतो.) आणि भावाच्या भोकाला पाइपच नाही, लांबी फक्त प्लायची जाडी, म्हणजे सूर गेला ९० च्या वर. म्हणून पखवाजाच्या कणकेच्या बाजूचे सगळे ठोके एकाच सुरात ढब ढब.

त्याहून वाईट त्या सुराच्या खाली. तिथे पोर्टचा आवाज कोनच्या आवाजाला खातो, उतार २४ डीबीचा होतो आणि कोनमागची स्प्रिंग नाहीशी, तो मोकाट नाचतो. कॉइल आपटून मेलेले ड्रायव्हर (खोक्यात बसवतात तो खुद्द स्पीकर) मी दोन बघितलेत, दोन्ही वेळा मालकाचं म्हणणं एकच, "वॉल्यूम जास्त नव्हतो." तपासायला फोनवर टोनचं ॲप लावा, पोर्टसमोर उदबत्ती धरा आणि हर्ट्झ हळूहळू खाली आणा. जिथे धूर सगळ्यात जोरात हलतो आणि कोन जवळजवळ थांबतो तो तुमचा सूर.

ड्रायव्हर कुठल्या खोक्याचा हे डेटाशीटवर क्यूटीएस (कोनचं डुलणं किती आवरलं जातं तो आकडा) बघून कळतं, ०.३ ते ०.४ असेल तर पोर्टेडला बरा, ०.५ च्या वर असेल तर सीलबंदच करा. हे थील आणि स्मॉल या दोन इंजिनिअरांचे आकडे, थीलचं काम १९६१ चं, तरी आपल्याकडे अजून मॅग्नेटचं वजन विचारतात! कापूस सीलबंदमध्ये भरा, पोर्टेडमध्ये फक्त भिंतींना, पाइपाचं तोंड मोकळं. एमडीएफ आपल्या पावसात फुगतो, विषय संपला.

माझं मत विचाराल तर माजघरात सीलबंद, चिऱ्याच्या भिंती खालचा बेस तसाही उचलून धरतात. खळ्यातल्या भजनाला पोर्टेड, पण हिशोब करून.

भावाने कापलेली चकती जपून ठेवलेली, म्हणे परत चिकटवू. होल सॉची चकती भोकापेक्षा लहानच निघते, वर मधोमध ड्रिलचं भोक. शेवटी आतून चौकोनी प्लाय फेविकॉल लावून स्क्रूने आवळला, चकती आता चहाच्या कपाखाली असते.