घरातल्या मांजरीला लस नको? असं नाहीये

"आमची मनी फ्लॅटबाहेर पाऊलच टाकत नाही, तिला कशाला लस" असं बरेच जण म्हणतात आणि ते साफ चुकीचं आहे. पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या साथीच्या आजाराचा व्हायरस इतका चिवट की घरात वर्षभरसुद्धा टिकू शकतो, आणि त्यासाठी मांजर बाहेर जायला लागत नाही, तुमच्या चपलांना लागून येतो, जिन्यातल्या भटक्या पिल्लाला कुरवाळून तसेच घरात शिरलात तरी येतो. मग उलट्या, जुलाब, पिल्लू पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसतं पण पीत नाही, आणि लस नसलेली पिल्लं पटकन जातात हो. म्हणून ६-८ आठवड्यांपासून सुरुवात करा, मग १६ आठवड्यांचं होईपर्यंत दर ३-४ आठवड्यांनी डोस. रेबीजचीही द्याच, दार चुकून उघडं राहतंच कधीतरी. पुढचे बूस्टर कधी ते डॉक्टरांना विचारा.