समाजशास्त्र जागच्या जागी आहे?

"फिजिक्सवाले न्यूटनचं मूळ पुस्तक उघडतही नाहीत, समाजशास्त्रवाले अजून शंभर वर्षांपूर्वीचा समाजशास्त्रज्ञ वेबरच घोकतात. म्हणजे प्रगती शून्य!" कॉलेजपासून ऐकतोय हे. चूक आहे. १९०१च्या जनगणनेचे आयुक्त रिस्ले नाकांच्या मापांवरून जातींचा दर्जा ताडत. मुंबई विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ घुर्ये यांनी १९३२ साली त्याच मापांवरून दाखवलं, की हा हिशेब देशभर जुळतच नाही. तो सिद्धांत आज मोडीत.

फिजिक्सशी तुलना करताना खरी गोम वेगळीच. त्या जनगणनेत जातींची उतरंड लावायला घेतली, तर वरची पायरी मिळावी म्हणून अर्ज सुरू झाले, जातिसभा सरसावल्या. मोजता मोजता मोजायची गोष्टच हलली. (गुरू ग्रह असले अर्ज करत नाही.) १९११ला बंगालातल्या अर्जांचं नुसतं वजनच दीड मण भरलं होतं.